एका गल्लीखालचे दोन पाईप

बॉस्टनला खेटून असलेल्या केंब्रिज शहरात मेट्रोच्या रेड लाइनचं एक टोक आहे, एलवाइफ स्टेशन. स्टेशनाच्या मागच्या बाजूला दलदलीचा पट्टा आणि त्यालगत एलवाइफ ब्रुक हा ओढा. लांबी जेमतेम अडीच किलोमीटर, पुढे तो मिस्टिक नदीला मिळतो. एलवाइफ हा मुळात मासा. आपल्याकडच्या पाला (हिलसा) माशासारखाच तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला वसंतात गोड्या पाण्यात चढतो. आणि ज्या ओढ्याला त्याचं नाव आहे, त्यात मुसळधार पाऊस झाला की आसपासच्या घरांच्या संडासाचं पाणी उतरतं. हार्वर्ड आणि एमआयटी ज्या शहरात आहेत, तिथे, एकविसाव्या शतकात.

यात कुणी चोरून पाईप सोडलेला नाही. ही व्यवस्था मुद्दाम तशी बांधलेली आहे. एकोणिसाव्या शतकात बॉस्टन परिसरात भुयारी गटारं झाली तेव्हा स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास, छप्पर आणि रस्ता या सगळ्यांचं पाणी एकाच मोठ्या वाहिनीत सोडलं गेलं. एक खड्डा, एक पाईप, एक खर्च. अमेरिकेत अशी एकत्रित गटारं असलेली सुमारे 700 गावं-शहरं आजही आहेत.

अडचण कुठे येते ते साध्या हिशेबाने कळतं. एक हेक्टरची वस्ती घ्या, माणसं 100, प्रत्येकाचं सांडपाणी दिवसाला 200 लिटर. म्हणजे दिवसाला 20,000 लिटर, तासाला हजारही नाही. आता त्याच हेक्टरवर तासाभरात 10 मिलिमीटर पाऊस पडला. एक लाख लिटर पाणी झालं. डांबर, काँक्रीट आणि छपरांमुळे त्यातलं 60 टक्के गटारात आलं असं धरू. तीन दिवसांचं सांडपाणी जेवढं, तेवढं पाणी एका तासात! आणि 10 मिलिमीटर म्हणजे काही फार मोठा पाऊस नव्हे. एवढं पाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेणारा पाईप वर्षातला बहुतेक काळ रिकामा राहील, म्हणून तो कुणी बांधत नाही. त्याऐवजी गटाराच्या एका चेंबरमध्ये बुटकी आडभिंत घालतात. कोरड्या दिवशी पाणी भिंतीच्या अलीकडून केंद्राकडे जातं. पातळी चढली की ते भिंतीवरून पलीकडे पडतं आणि थेट ओढ्यात. ओसंडायची ही वाट नसती तर तोच मैला तळघरांतल्या मोऱ्यांमधून उलटा वर आला असता.

पावसाने ते पाणी पातळ होतं, मग बिघडलं कुठे, असं म्हणणारे नेहमी भेटतात. कच्च्या मैलापाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय जिवाणू दहा लाखांच्या वर सहज सापडतात. पोहण्याच्या पाण्यासाठी मॅसॅच्युसेट्सची, म्हणजे बॉस्टन ज्या राज्यात आहे त्याची, सरासरी मर्यादा आहे 126. नऊ भाग पाऊस मिसळलात तरी आकडा लाखातच राहतो. दुसरी गोष्ट प्राणवायूची. मैलापाण्यातलं सेंद्रिय द्रव्य कुजताना लिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू खातं, आणि 20 अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात तो विरघळलेला असतो लिटरमागे फक्त 9 मिलिग्रॅम. एक लिटर मैला वीसेक लिटर ओढ्याचा श्वास संपवू शकतो. त्यात भर अशी, की कोरड्या दिवसांत मोठ्या पाईपातून पाणी संथ वाहतं आणि तळाशी गाळ बसतो. पावसाचा पहिला लोंढा तो सगळा खरवडून नेतो.

दोन पाईप वेगळे ठेवावेत हा विचारही जुनाच. 1878 मध्ये टेनेसीमधल्या मेम्फिस शहरात पीतज्वराने हजारो माणसं मेली. त्यानंतर 1880 मध्ये जॉर्ज वॉरिंग या अभियंत्याने तिथे फक्त मैल्यासाठी बारीक, सहा-सहा इंची वाहिन्या टाकल्या आणि पाऊस त्यात येऊ दिला नाही. त्याची समजूत होती की गटारातल्या दूषित वायूने रोग होतो. ती चुकीची होती. पीतज्वर डासांमुळे पसरतो. पण बारीक पाईपात पाणी वेगाने वाहतं, गाळ बसत नाही, हे त्याचं निरीक्षण पक्कं होतं. बॉस्टनने तोवर एकत्रित गटारांचा रस्ता धरला होता, आणि जमिनीखालचा निर्णय बदलायला पिढ्या जातात.

इथे तो कोर्टामुळे बदलला. बॉस्टनच्या बंदरातल्या घाणीवरून 1982 मध्ये क्विन्सी शहराने दावा लावला, 1985 मध्ये केंद्र सरकारचा खटला उभा राहिला आणि त्यातून आखलेल्या कार्यक्रमात गटारांची 35 कामं डिसेंबर 2015 पर्यंत पुरी झाली. खर्च सुमारे 90 कोटी डॉलर. 1988 च्या सुमारास सरासरी वर्षात साडेबारा अब्ज लिटर मिश्र पाणी नद्यांत आणि बंदरात जात असे. त्यात 85 टक्क्यांहून अधिक घट झाली.

एलवाइफ ओढ्याच्या वाट्याचं मोठं काम केंब्रिजच्या फ्रेश पॉन्ड तलावाजवळच्या, ह्युरॉन अव्हेन्यूच्या आसपासच्या वस्तीत झालं. गल्ल्या खणल्या आणि मैल्याला एक, पावसाला एक अशी दोन वाहिन्यांची व्यवस्था केली. हे ऐकायला सोपं आहे. खरी कटकट घरापाशी सुरू होते. छपराची पन्हळ उतरते ती कुठल्या पाईपात? तळघरात झिरपलेलं पाणी उपसणारा पंप ते कुठे फेकतो? शंभर वर्षांपूर्वीच्या प्लंबरने नकाशा ठेवलेला नसतो. मग संडासात रंगीत पाणी ओतायचं आणि रस्त्यावरच्या कुठल्या मॅनहोलमध्ये रंग दिसतो ते पाहायचं, गटारात धूर सोडून तो कुठल्या पन्हळीतून निघतो ते शोधायचं. एकच संडास चुकून पावसाळी वाहिनीला जोडलेला राहिला, तर त्याचा मैला पावसाची वाटही न पाहता रोज ओढ्यात जातो. म्हणजे अर्धवट विभागणी काही बाबतीत जुन्यापेक्षा वाईट. खर्च आणि वर्षं या जोडण्या शोधण्यातही जातात, आणि माझ्या मते कामाची खरी परीक्षा तिथेच असते.

बरं, वेगळं काढलेलं पावसाचं पाणी तरी कुठे स्वच्छ असतं? रस्त्यावरचं तेल, टायरचा चुरा, कुत्र्यांची विष्ठा, हिरवळीवरचं खत असं सगळं त्यात असतं. शिवाय पूर्वी जे पाणी काही प्रमाणात केंद्राकडे जायचं, ते आता सगळं ओढ्यात आलं तर खालच्या गावाला पूर. म्हणून स्टेशनाजवळच्या दलदलीत सुमारे साडेतीन एकरांची पाणथळ जागा घडवली गेली आणि ती 2013 मध्ये सुरू झाली. पाणी आधी एका कुंडात थांबतं, जड गाळ बसतो. मग ते पाणवनस्पतींमधून सावकाश सरकतं. झाडं फॉस्फरस आणि नायट्रोजन थोडंफार शोषतात, तर चिखलातले प्राणवायूविना जगणारे जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. गंमत म्हणजे या जागेच्या परवान्याविरुद्ध रहिवाशांनीच अपिलं केली आणि काम रखडलं. त्यांनाही ओढाच वाचवायचा होता.

मुंबईकराला हे वाचून वाटेल की आपण सुटलो, कारण मुंबईत मलनिःसारण आणि पर्जन्य जलवाहिन्या ही कागदावर वेगळी जाळी आहेत, महापालिकेत खातीही वेगळी. पण ज्या वस्त्यांपर्यंत मैल्याची वाहिनी पोचलीच नाही, त्यांचं सांडपाणी नाल्यात जातं आणि मिठी मे महिन्यातही काळी वाहते. यावर उपाय म्हणून नाल्यातलं हे कोरड्या दिवसांचं पाणी अडवून शुद्धीकरणाकडे वळवतात. उपाय म्हणून तो ठीक, पण इंजिनिअरिंगच्या नजरेने पाहिलं तर आपण नाल्याचंच एकत्रित गटार करतो. जूनमध्ये पाऊस धरला की तेही आडभिंतीवरून ओसंडणारच. रस्त्यावर पाणी तुंबल्यावर मैल्याच्या मॅनहोलची झाकणं उघडली जातात, तेव्हा उरलंसुरलं वेगळेपणही जातं.

केंब्रिजमधलं कामही संपलेलं नाही. ओढ्यात मिश्र पाणी सोडणारी काही तोंडं बंद झाली, काही अजून उघडी आहेत. शिवाय आधीची आखणी गेल्या शतकातल्या पावसाच्या नोंदींवर बेतलेली होती, आणि आताच्या सरी जास्त जोरदार आहेत. त्यामुळे नव्या योजनेसाठी 2050 च्या अपेक्षित पावसाचा हिशेब धरला जातोय. उरलेल्या गल्ल्या खणायच्या की जमिनीखाली साठवणुकीचा बोगदा घ्यायचा, यावर वाद चालू आहे. साउथ बॉस्टनच्या किनाऱ्यासाठी 2011 मध्ये असा बोगदा सुरू झाला, पण तिथे जपायचे होते पोहण्याचे किनारे. एका चिंचोळ्या ओढ्यासाठी तेवढा पैसा कोण घालणार, हा प्रश्न केंब्रिजमध्येही आहेच. तोवर राज्याने 2021 मध्ये एक कायदा केला: मिश्र पाणी बाहेर पडल्याचं कळलं की दोन तासांच्या आत लोकांना सूचना द्यायची, आणि त्यानंतर दोन दिवस त्या पाण्याला हात लावू नका, असंही सांगायचं.