एकच रस्ता, एकच गेट, दोन बीए

शेजारच्या काकू लेकीची बारावीची मार्कशीट घेऊन आल्या. "सायकॉलॉजीत बीए करायचं म्हणते. अमरावती रोडवरच्या युनिव्हर्सिटीत टाकून देतो."

"कोणत्या? नागपूर विद्यापीठ की इग्नू?"

"दोन्ही एकच नाही का बाप्पा?"

घोळ काकूंचा एकटीचा नाही. 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचा, म्हणजे आताच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा कॅम्पस अमरावती रोडवर, आणि इग्नूचं, म्हणजे दूरशिक्षण देणाऱ्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्रही त्याच रस्त्याला. गंमत अशी, की बीएचे वर्ग या दोन्ही ठिकाणी भरत नाहीत. कॅम्पसमध्ये पदव्युत्तर विभाग आहेत, बीए संलग्न कॉलेजांत चालतं. इग्नूचं विभागीय केंद्र प्रवेश, परीक्षा, तक्रारी बघतं. शिकवणं होतं अभ्यासकेंद्रावर. आणि ते अभ्यासकेंद्र बहुतेक वेळा असतं एखाद्या कॉलेजातच! त्याच गेटातून सोमवारी नागपूर विद्यापीठाची पोरं जातात, रविवारी इग्नूची. बाकही तेच.

रेग्युलर कॉलेजात हजेरी लागते, सेमिस्टर असतं, अंतर्गत गुण असतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार 3 वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. इग्नूत पुस्तकं वाचायची ती आपली आपण. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना 30 टक्के वजन, जून नाहीतर डिसेंबरमधल्या सत्रांत परीक्षेला 70. किमान 3 वर्षं, कमाल 6. तासाला ते काउन्सेलिंग म्हणतात. मानसशास्त्राच्या पोरापोरींची इथे हमखास फसगत: "काउन्सेलिंगला चालले" ऐकून घरच्यांना वाटतं, पोरीला काही झालं की काय.

खरा फरक मला प्रॅक्टिकलमध्ये दिसतो. म्युलर-लायर दृष्टिभ्रमाचा प्रयोग घ्या. दोन सारख्या रेघा. एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीला बाहेर उघडलेले. दुसरी लांब दिसते. समोर बसलेला प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालू आहे तो, सरकपट्टी हलवत दोन्ही रेघा सारख्या करतो, आपण मागच्या बाजूची मोजपट्टी वाचून मिलिमीटर टिपतो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, मग सरासरी. पहिल्या खेपेला आपणच त्याला खुणेनं मदत करतो आणि सगळे आकडे बिघडतात. ही चूक चारचौघांत झालेली बरी. घरी पुस्तक वाचून ती समजत नाही. रोज लॅब उघडी असणं आणि रविवारी दोन तास मिळणं, यात म्हणून फार अंतर पडतं.

पदवीच्या मान्यतेत अंतर नाही. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या दूरशिक्षणाची पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरतात. आणि बीए कुठूनही केलं तरी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणी होत नाही. त्याला पुढचं आरसीआय-मान्य, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं शिक्षण लागतं.

पण काकूंसाठी प्रश्न आता निराळ्याच कारणानं सुटला आहे. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं दूरशिक्षणानं आणि ऑनलाइन मानसशास्त्र शिकवायला मनाई केली. 2021 च्या आरोग्य-व्यवसाय कायद्यात हा विषय येतो म्हणून. बीएत अनेक विषय असतील तर तेवढा एक विषय गळतो, बाकीचे चालू राहतात. म्हणजे नोकरी सांभाळून इग्नूतून बीए करायचंच असेल, तर इतिहास घ्या, समाजशास्त्र घ्या. सायकॉलॉजीचं नाव घेऊन कोणी "ॲडमिशन चालू आहे, फी भरून टाका" म्हणालं, तर पावतीआधी त्याच्याकडून मान्यतेचं पत्र मागा.

काकूंची लेक सोमवारच्या वर्गाला लागली. प्रयुक्त म्हणून पहिला नंबर काकूंचाच लागला.