ऑनलाइन भूमिकाकथा

दोन किंवा अधिक व्यक्तींनी एकेक पात्र अंगावर घेऊन पाळीपाळीने लिहिलेली, किंवा थेट प्रक्षेपणात बोलून उभी केलेली, पूर्वलिखित संहिता नसलेली कथा. खेळणारे तिला थोडक्यात ‘आरपी’ (‘रोलप्ले’चे लघुरूप) म्हणतात. ज्या कथांत कोणतेच पात्र सर्वस्वी निर्दोष वा सर्वस्वी दुष्ट नसते, अशा कथांचा तरुण चाहत्यांच्या चिकित्सक विचाराशी असलेला संबंध एवढाच या नोंदीचा विषय आहे.

संज्ञा : ‘भूमिका’ हा शब्द रंगभूमीवरून आलेला असला, तरी या प्रकाराला मराठीतील ‘सोंग’ हा शब्द अधिक जवळचा आहे. संत एकनाथांच्या (सु. १५३३–९९) भारुडांत पैठणचा हा ब्राह्मण कवी जोशी, गारुडी, गोंधळी, महार यांच्या तोंडून बोलतो, आणि सोंगी भारुडात तर वेश घेऊनच बोलावे लागते. ‘भारूड’ शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ती ‘बहुरूढ’ या शब्दापासून लावतात, तर काही एक धड आणि दोन तोंडे असलेल्या भारुंड पक्ष्याशी जोडतात. पहिली व्युत्पत्ती अर्थदृष्ट्या अधिक ग्राह्य वाटते. मात्र एका धडावरची दोन तोंडे ही प्रतिमा भूमिकाकथेला फार शोभते, हेही नमूद करायला हवे. भारुडातील रूपकाचा अर्थ शेवटी परमार्थाकडे वळणार हे ठरलेले असते. भूमिकाकथेत शेवट कोणाच्याच हाती नसतो.

उगम : याविषयी तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार हा प्रकार टपालाने खेळल्या जाणाऱ्या खेळांतून निघाला. ‘डिप्लोमसी’ या पटावरील खेळाचे टपाली डाव अमेरिकेत १९६३ पासून खेळले जात, आणि डावपेचांच्या पत्रांसोबत खेळाडू आपापल्या राष्ट्रांच्या वतीने जाहीरनामेही लिहीत. दुसरे मत उगम संगणकात शोधते. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात ‘मड’ हे अनेकांनी एकाच वेळी खेळायचे मजकुरी विश्व रचले. त्याचा रोख लढाई व गुणसंख्येवर होता. केवळ संभाषण आणि सहवास यांवर उभी राहिलेली विश्वे १९८९ च्या ‘टायनीमड’नंतर वाढली. तिसरे मत चाहत्यांच्या लेखनपरंपरेला, म्हणजे आवडत्या कथेतील पात्रे घेऊन नवी कथा लिहिण्याच्या सवयीला, अग्रमान देते. तिन्ही प्रवाह पुढे एकत्र आले यात शंका नाही. तरी पाळी, पात्र आणि परस्परांना बांधणारे उत्तर ही तिन्ही लक्षणे एकत्र पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते.

नैतिक गुंतागुंत मात्र या खेळांत आरंभापासून नव्हती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे घेऊन खेळायच्या खेळात (१९७४) पात्राचा पक्ष सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक या तिघांतून निवडावा लागे. पुढे त्याला भल्या-बुऱ्याचा दुसरा अक्ष जोडला जाऊन १९७८ पर्यंत नऊ घरांचा तक्ता रूढ झाला. या तक्त्यामुळे नीतीची चर्चा सुरू झाली हे खरे; पण पात्र एकदा घरात बसले की प्रश्न मिटल्यासारखा होतो. पाळीपाळीच्या लेखनाने हा तक्ता बहुतांशी बाजूला सारला.

विचारप्रक्रिया : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधात १० ते १६ वर्षे वयाच्या मुलांपुढे नैतिक पेच ठेवले आणि उत्तरापेक्षा त्यामागच्या कारणमीमांसेची प्रतवारी लावली. मोशे ब्लाट आणि कोलबर्ग यांच्या १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्गात अशा पेचांची चर्चा केल्याने मुलांची कारणमीमांसा काही अंशी वरच्या पायरीवर गेल्याचे दिसले. मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये या पायऱ्यांवर आक्षेप घेतला: न्यायाच्या मोजपट्टीत माणसांमधले नाते आणि जबाबदारी निसटते, असे त्यांचे म्हणणे होते. भूमिकाकथेच्या संदर्भात हा आक्षेप वजनदार आहे, कारण तीत पेच त्रयस्थाने मांडलेला नसून समोरच्या पात्राशी जडलेल्या नात्यातून निघतो.

समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी १९८३ मध्ये अशा खेळांतील सहभागाचे तीन थर सांगितले: व्यक्ती, खेळाडू आणि पात्र. चिकित्सेची जागा बहुधा या थरांमधल्या फटीत असते. पात्राला जे ठाऊक नाही ते खेळाडूला ठाऊक असते, आणि ते ज्ञान पात्राच्या हाती देणे (‘मेटागेमिंग’) निषिद्ध मानतात. दुसऱ्याच्या पात्राची कृती आपणच लिहिणे (‘गॉडमॉडिंग’) हाही दोष होय. परिणामी आपल्याला न पटणारे उत्तर समोरून आले, तरी ते घटना म्हणून स्वीकारूनच पुढचे वाक्य लिहावे लागते. वेताळकथांतील राजालाही उत्तर देणे भाग असते. पण त्याचा निवाडा कोणी खोडत नाही.

थेट प्रक्षेपित कथांत आणखी एक गोष्ट घडते. ‘माइनक्राफ्ट’ खेळाच्या खासगी सर्व्हरवर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रीम एसएमपी’ या इंग्रजी मालिकेत राष्ट्र स्थापन करणारा नेता निवडणूक हरतो आणि अखेर आपल्याच हाताने ते राष्ट्र उडवून देतो. प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राच्या नजरेतून स्वतंत्र प्रक्षेपण करीत असल्याने प्रेक्षकाने कोणाचे प्रक्षेपण पाहिले यावर त्याचा न्याय ठरे. दोन पाहणाऱ्यांचे मत जुळेना, तर एकमेकांची प्रक्षेपणे पाहून साक्षी ताडून घ्याव्या लागत. खटल्याची कागदपत्रे वाचण्याचे हे कौशल्य बहुतेक चाहत्यांनी अभ्यास म्हणून मिळवले नव्हते.

सोलापूरचा संदर्भ : मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच पेठेत ऐकू येणाऱ्या या एकेकाळच्या गिरण्यांच्या आणि आजच्या यंत्रमागांच्या शहरात पात्राने कोणत्या भाषेत बोलावे हाच पहिला निर्णय ठरतो. समजा, तिघांनी मिळून विडी कारखान्याच्या शाखेवरची कथा लिहायला घेतली. एकाकडे विड्या तपासणारा कारकून, दुसरीकडे तेलुगू घरातील वयस्क विडी कामगार, तिसरीकडे तिची फी थकलेली नात. ‘छाट’ वाढवा, म्हणजे अधिक विड्या नापास करा, असा वरून हुकूम आहे. कारकुनाची स्वतःची नोकरी कच्ची आहे. त्याचा लेखक लिहितो: ‘त्याने विडीचे तोंड चिमटीत दाबून पाहिले आणि ती डावीकडे टाकली. मग तिसरी, मग सातवी.’ खाली दुहेरी कंसात, म्हणजे पात्राबाहेर येऊन, तो जोडतो: ‘((मला हे नव्हतं करायचं, पण हा असंच करील.))’ समोरून उत्तर येते: ‘((मग अव्वा आज काही बोलणार नाही. उद्या परत येईल.))’ येथे कन्नड घरातला वाचक अडखळतो, कारण त्याच्याकडे ‘अव्वा’ म्हणजे आई, तर या तेलुगू घरात आजी. कोण कोणासाठी गप्प राहते आहे, हे त्याला मागे जाऊन पुन्हा वाचावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते दुहेरी कंसातील ही दोन वाक्ये कथेइतकीच महत्त्वाची आहेत: ‘मी’ आणि ‘हा’ यांतील अंतर तेथे उघड्यावर येते.

मे १९३० मधील सोलापूरचा मार्शल लॉ हाही अशा कथांना जुळणारा विषय आहे. मात्र १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना पात्रे करण्यापेक्षा त्या दिवसांतला एखादा अनाम गिरणी कामगार किंवा शिपाई निवडणे इष्ट ठरते. खऱ्या माणसाच्या तोंडी कल्पित शब्द घातले की चर्चा पेचावरून खरे-खोटे ठरवण्याकडे घसरते.

मर्यादा : पात्राची भावना खेळाडूत पाझरणे याला ‘ब्लीड’ म्हणतात, तीव्र प्रसंगानंतर खेळाडूंमध्ये खराच अबोला धरला जाऊ शकतो. म्हणून कोणते विषय वर्ज्य हे आरंभीच ठरवण्याची आणि कोणालाही प्रसंग थांबवता येण्याची पद्धत आहे. अनोळखी प्रौढाने कथेआडून मुलांशी जवळीक साधण्याचा धोका वेगळा असून तो अधिक गंभीर आहे. ‘डिस्कॉर्ड’सारख्या मंचांवर किमान वय सामान्यतः १३ आहे, भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात (२०२३) मात्र १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालकच मानली आहे.