डायल-अपचा वेग अडत होता तो तारेत नव्हे

अमेरिकेतल्या एओएल कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप, म्हणजे साध्या टेलिफोन कॉलवरून इंटरनेट देणारी सेवा बंद केली. त्यानिमित्ताने एक जुना गैरसमज पुन्हा कानावर आला: टेलिफोनची तांब्याची तारच मंद होती. तसं असतं तर त्याच तारेवरून पुढे डीएसएल या ब्रॉडबँड पद्धतीने सेकंदाला कित्येक मेगाबिट कसे नेले असते? खोळंबा एक्स्चेंजमध्ये, म्हणजे घरोघरच्या तारा जिथे जोडल्या जातात त्या टेलिफोन केंद्रात होता. तो कमी करण्याची किल्ली ग्राहकाकडे नव्हती, इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रसामग्रीत होती.

टेलिफोन बांधला गेला माणसाच्या बोलण्यासाठी. एक्स्चेंज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा ठेवतं आणि बाकीचं गाळून टाकतं. उरलेल्या लहरीची उंची सेकंदाला ८००० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक माप ८ बिटांच्या आकड्यात बसवलं जातं. खरी उंची दोन आकड्यांच्या मधे आली तर जवळचा आकडा घ्यावा लागतो. इथे दर मापाला थोडी चूक होते आणि ती चूक म्हणजेच गोंगाट. गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ मध्ये दाखवून दिलं, की पट्ट्याची रुंदी आणि संदेश-गोंगाटाचं प्रमाण कळलं की वेगाची कमाल मर्यादा ठरते. ३१०० हर्ट्झ रुंदी आणि गोंगाटाच्या सुमारे ३००० पट संदेश धरला, तर ती सेकंदाला ३६ हजार बिटांच्या आसपास येते. मोडेम म्हणजे संगणकाचे बिट फोनच्या लहरींत आणि लहरी पुन्हा बिटांत बदलणारं यंत्र; व्ही.३४ या मानकाचा मोडेम ३३,६०० पर्यंत पोचला होता. म्हणजे गोष्ट संपल्यातच जमा होती.

मग पुढच्या, ‘५६के’ म्हणवणाऱ्या मोडेमचे सेकंदाला ५६ हजार बिट आले कुठून? इथलं उत्तर मला फार देखणं वाटतं. ब्रेंट टाउनशेंड या अभियंत्याच्या कल्पनेचं मर्म असं: जवळच्या आकड्यात बसवण्याची चूक होते ती लहरीचा आकडा करताना. आकड्यापासून विद्युतदाब तयार करताना ती होतच नाही! कंपनीचं यंत्र एक्स्चेंजला डिजिटल वाहिनीने जोडलं, तर ते थेट आकडेच पाठवू शकतं. ते आकडे ग्राहकाच्या एक्स्चेंजपर्यंत जसेच्या तसे जातात, तिथे त्यांचे दाब होतात आणि घरातला मोडेम फक्त ‘हा कोणता दाब?’ एवढंच ओळखतो. ८ बिटांमुळे दाबाच्या पातळ्या २५६ असतात, पण शून्याजवळच्या पातळ्या एकमेकींना इतक्या खेटून असतात की प्रत्यक्ष तारेवर त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. १२८ पातळ्या वापरल्या की ७ बिट, गुणिले ८०००, बरोबर ५६,०००. (अमेरिकेत संदेशाच्या शक्तीवर बंधन असल्याने प्रत्यक्षात ५३ हजारांच्या थोडं वर.) घरून कंपनीकडे जाताना मात्र लहरीचा आकडा करावाच लागतो, म्हणून त्या दिशेला सुरुवातीला ३३,६०० च राहिले.

म्हणूनच कंपनीने साध्या फोनलाइनींवरचे जुने मोडेम तसेच ठेवले, तर ग्राहकाने आणलेला नवा ५६केचा मोडेम व्यर्थ होता. १९९७ मध्ये एक्स-टू आणि के-५६-फ्लेक्स या दोन परस्परविरोधी पद्धती बाजारात होत्या, तेव्हा कंपन्या थांबल्या हे समजण्यासारखं आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ५६केसाठी व्ही.९० हे सामायिक मानक ठरल्यावर मात्र यंत्रं न बदलता ५६केची जाहिरात करणं ही ग्राहकाची फसवणूक होती. पुढे ‘पाचपट वेग’ देणारी अ‍ॅक्सिलरेटर सॉफ्टवेअर आली, तोही तसाच भुलावा. ती मजकूर दाबून, म्हणजे कमी बिटांत बसवून पाठवत आणि चित्रांचा दर्जा उतरवत. तारेवरचा वेग तेवढाच राही आणि आधीच दाबलेलं गाणं एक सेकंदही लवकर उतरत नसे.

आज मात्र डायल-अपची यंत्रं बदलण्यात पैसा घालू नये. आता पुष्कळसे फोन कॉल पॅकेटांतून, म्हणजे आकड्यांच्या सुट्या लहान गठ्ठ्यांतून जातात. जी.७२९ सारखी पद्धत आवाज सेकंदाला ८ हजार बिटांत बसवते. ती बोलण्यासाठीच घडवलेली असल्याने मोडेमचा संदेश त्यात ओळखू येण्यापलीकडे जातो. आवाज न दाबता पाठवला, तरी हरवलेलं एखादं पॅकेट जोडणी तोडू शकतं. व्ही.९० ज्या अखंड डिजिटल वाटेवर उभा होता, ती वाटच उखडली जाते आहे.

तरीही २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ६३ हजार घरं केवळ डायल-अपवर होती. पैसा त्यांच्यापर्यंत फायबर किंवा बिनतारी जोडणी नेण्यात जावा, आणि ती पोचेपर्यंत जुनी सेवा बंद करू नये. तोवर कंपन्यांनी अशा ग्राहकांना कमी वेग निवडायला मदत करावी. पॅकेटांच्या वाटेवर ५६ हजारांचा हट्ट धरण्यापेक्षा १४,४०० ची जोडणी जास्त वेळ टिकते.