ट्रे कोणी लावायचा? विमानतळावरच्या तपासणीची पार्श्वभूमी

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ला मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली. विमान ७२ आसनी एटीआर. एवढ्या विमानाला तपासणीची एकच रांग पुरते, पण त्या एका रांगेलाही माणसं ठरलेलीच लागतात: ट्रे लावून घेणारा, एक्स-रेच्या पडद्यासमोरचा, बॅग उघडून पाहणारा, पुरुषांची झडती घेणारा, आडोशाच्या कक्षात महिलांची झडती घेणारी आणि वर एक अधिकारी. प्रवासी दहा असोत की बहात्तर, यातलं कोणी कमी करता येत नाही.

ही व्यवस्था घडली ती संकटांमागून. १९७६मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचं अपहरण झाल्यावर जानेवारी १९७८मध्ये विमान वाहतुकीच्या सुरक्षेसाठी वेगळा सरकारी कक्ष आला, एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानातल्या स्फोटानंतर १ एप्रिल १९८७ला तो स्वतंत्र विभाग झाला. झडती मात्र राज्यांच्या पोलिसांकडेच होती. कंदहार प्रकरणानंतर, फेब्रुवारी २०००मध्ये, जयपूरपासून ती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे (सीआयएसएफ) जायला लागली.

खरा वाद पुढचा आहे. विमानतळावरच्या कामांची 'मुख्य' आणि 'बिगर-मुख्य' अशी वाटणी झाली. झडती आणि शस्त्रधारी पहारा मुख्य. रांग लावणं, प्रवाशांना सूचना देणं बिगर-मुख्य. त्या आधारावर ५० विमानतळांवरची केंद्रीय दलाची ३,०४९ पदं रद्द करून त्या जागी १,९२४ खासगी रक्षक नेमायचं ठरलं. खर्च वाचतो हे खरं. पण 'बिगर-मुख्य' हा शब्दच फसवा आहे, कारण रांगेचा वेग ठरतो तो ट्रेपाशी. लॅपटॉप बॅगेतच राहिला, तर पडद्यावर एक गडद चौकोन येतो आणि खालचं काही दिसत नाही. बॅग परत मागे जाते, दुसऱ्यांदा मशीनमधून निघते. शेगावच्या प्रसादाचा नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही. पडद्यावर तो दाट नारिंगी गोळा दिसतो, बॅग उघडावी लागते आणि तोवर मागचे ट्रे खोळंबतात. मिरचीपुडीचंही तेच. हे सगळं पट्ट्यावर बॅग ठेवण्याआधी विचारून घेतलं, तर वीस सेकंदांत निपटतं. मोठ्या विमानतळावर शेजारची रांग हा भार उचलते. एकाच रांगेच्या ठिकाणी ते शक्य नसतं. म्हणून लहान विमानतळासाठी हे काम मुख्यच धरायला हवं होतं.

पडद्यासमोर बसणाऱ्याची नजर सलग पाहून थकते, म्हणून साधारण वीस मिनिटांनी माणूस बदलतात. म्हणजे प्रशिक्षित, प्रमाणपत्रधारक माणूस एक असून भागत नाही. जिथे हे काम अजून पोलिसांकडे आहे, तिथे प्रमाणपत्र मिळवलेल्याची बदली झाली की नवा माणूस तयार होईपर्यंत ओढाताण होते.

२०१७मध्ये मोठ्या विमानतळांपासून हातातल्या बॅगेच्या टॅगवरचा शिक्का बंद झाला आणि एक हात मोकळा झाला. डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या चेहरा ओळखणाऱ्या दारांनी प्रवेशाची रांग आखडली. झडतीला लागणारा वेळ त्यांनी कमी होत नाही. महिलांची झडती महिलाच घेणार हा नियम योग्यच आहे. पण बहात्तरांत तीस महिला असतील आणि प्रत्येकीला एक मिनिट धरलं, तर तेवढ्यानेच अर्धा तास जातो. त्या दिवशी महिला कर्मचारी एकटीच असेल आणि तिला जागेवरून उठावं लागलं, तर महिलांची रांग जागच्या जागी थांबते.