पोपटी (शाकाहारी)

पोपटी : उत्तर कोकणात, विशेषतः रायगड जिल्ह्यात (१९८१ पर्यंतचा कुलाबा), थंडीच्या दिवसांत शेतावर करण्याचा खाद्यप्रकार. मातीच्या मडक्यात वालाच्या शेंगा व कंद भरून ते जमिनीवर उपडे घालतात आणि भोवती जाळ करून आतला माल भाजतात. या पदार्थाला आणि त्यासाठी शेतावर जमणाऱ्या पंगतीला, दोघांनाही पोपटीच म्हणतात. पोपटी ‘शिजवत’ नाहीत, ‘लावतात’. घाटावरच्या माणसाला या शब्दाने रंग आठवतो. अलिबाग, पेण, रोहे, पनवेलकडच्या माणसाच्या नाकात मडक्यात घालायच्या भांबुर्डीच्या रानपाल्याचा वास भरतो.

मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी घातलेली पोपटी अधिक गाजलेली आहे. तरी पदार्थाचा जीव शेंगेतच असतो. कोंबडी नसली तरी पोपटी होते, वाल नसला तर होत नाही.

भातकापणी झाली की खाचरांत जी ओल उरते तिच्यावर आणि पुढे पडणाऱ्या दवावर रायगडात वाल पिकतो. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत शेंगा भरतात आणि पोपटीचा मोसमही तेवढाच. शेंग दाणा भरलेली पण साल हिरवी असलेली हवी. पिवळी पडलेली शेंग भाजल्यावर पिठूळ लागते, कोवळी शेंग वाफेने गळून जाते. बाजारातली चपटी, रुंद वालपापडी यासाठी चालत नाही. गावठी कडव्या वालाची किंचित कडसर चव इथे मिठाशी आणि ओव्याशी छान जुळते.

भांबुर्डी ही सूर्यफुलाच्या कुळातली रानवनस्पती. कापणीनंतर बांधावर, मोकळ्या खाचरांत ती आपोआप उगवते. पाने लवदार, हाताला किंचित चिकट; चुरगळली तर कापरासारखा उग्र वास येतो. एरवी गुरेही तिच्याकडे फारशी वळत नाहीत. मडक्यात मात्र ती तीन कामे करते : माल मडक्याला लागू देत नाही, स्वतःच्या ओलाव्याची वाफ देते, आणि तोंडाशी घट्ट कोंबली की झाकणाची गरज ठेवत नाही. शहरात भांबुर्डी मिळत नाही म्हणून केळीची पाने, कोबीची पाने वापरून पाहणारे आहेत. त्याने शेंगा भाजतात, वास येत नाही. आणि वास नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणीही रायगडकर विचारील.

भरण्याची रीत अशी. शेंगा धुऊन पाणी निथळू देतात, पुसत नाहीत. किलोभर शेंगांना दोन मोठे चमचे जाडे मीठ आणि चमचाभर ओवा हाताने चोळतात. मीठ जास्त वाटते, पण त्यातले बरेचसे सालीवरच राहते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा जाड थर, त्यावर बटाटे, रताळी, करांदे, कोनफळ, आणि वर शेंगा. उपडे घातल्यावर तळ वर येतो आणि जाळाची धग तिथे जास्त लागते, म्हणून वेळ खाणारे कंद आधी घालायचे. मधूनमधून पाल्याचा पातळ थर देतात. मडके गच्च भरतात. सैल भरले तर उपडे करताना सगळा माल तोंडाशी येतो. शेवटी तोंडात पाल्याचा बोळा कोंबतात. पाण्याचा थेंब नाही, तेलाचाही नाही.

सणासुदीच्या जेवणाला शोभेल अशी पोपटी करायची असेल तर आत भरलेली भाजी जाते. लहान काटेरी वांगी देठ ठेवून चिरतात. मध्यम बटाट्यांनाही तशीच चौफुली चीर देतात. आत ओले खोबरे, हिरवी मिरची, आले, लसूण, कोथिंबीर, भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट आणि मीठ यांचे वाटण. हे वाटण कोरडेच हवे. पाणी घालून वाटले की भाजी उकडते, भाजत नाही. केळीचे पान विस्तवावर फिरवून मऊ करायचे, नाहीतर दुमडताना फाटते. त्यात चार-पाच नग बांधून पुडी केळीच्या सोपाने (खोडाच्या सुक्या सालीने) आवळतात आणि मडक्याच्या मध्यावर, शेंगांच्या पोटात बसवतात. खोबऱ्याला सुटलेले तेल वांग्याला पुरते. मोसम सरता सरता अलिबागचा पांढरा कांदा निघू लागला की अख्खा कांदाही असाच भरतात. तो गोडसर असल्याने वाटणात मिरची थोडी चढी ठेवावी.

मडके जमिनीवर उपडे घालून भोवती आणि वर सुके गवत, पेंढा, पातेरा, झावळ्या, काटक्या, शेणी रचतात. उपडे का, याला कारण आहे. वाफ वर चढते आणि मडक्याच्या बंद तळाशी अडकून राहते. सुटलेला रस खाली पाल्यावर उतरतो, जळत नाही. मडके सरळ ठेवून खालून जाळ केला तर खालच्या शेंगा करपतात आणि वरच्या कच्च्या राहतात. जाळ सगळीकडून सारखा हवा. वारा एका अंगाने आला तर दुसऱ्या अंगाला सरपण वाढवावे लागते. अर्धा ते पाऊण तास पुरतो. घड्याळ मात्र कोणी पाहत नाही. एखादा म्हातारा लांबून म्हणतो, “पाणी मार रे जरा.” पोरगा ओंजळीतले चार थेंब मडक्यावर उडवतो. थेंब ओघळला तर अजून वेळ आहे. चर्र होऊन जागीच उडाला तर झाले. मग ओल्या गोणपाटात धरून मडके बाजूला घेतात, बोळा काढतात आणि केळीच्या पानांवर ओततात. पहिल्या वाफेत तोंड घालू नये. हा सल्ला कोणी ऐकत नाही, प्रस्तुत लेखकानेही ऐकलेला नाही.

शाकाहारी पोपटीचा संबंध पंचांगाशीही आहे. शेंगा भरू लागतात तेव्हा मार्गशीर्ष चालू असतो किंवा नुकताच सरलेला असतो. कोकणात अनेक घरे त्या महिन्यात, निदान गुरुवारी, मासे-मटण वर्ज्य ठेवतात. तेव्हा मुंबईहून नाताळच्या सुट्टीला आलेल्या चाकरमान्यांसाठी शेतावर बेत ठरला की एक मडके बिनकोंबडीचे लागतेच. ते वेगळे ओळखू यावे म्हणून त्याच्या गळ्याला सुंभ बांधतात किंवा अंगावर कोळशाने खूण करतात. जाळात खूण पुसली गेली की बोळा काढून वास घेतल्यावरच निकाल लागतो.

दूध, तूप, मध यांसह सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या ‘व्हीगन’ आहाराला हे नाव १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये मिळाले. पाश्चात्त्य सणाच्या मेजवानीत मध्यभागी भरलेली, भाजलेली टर्की असते. तिच्या जागी व्हीगन मंडळी गव्हातील ग्लुटेन, टोफू किंवा भोपळा यांचा आत सारण भरलेला रोस्ट ठेवतात. त्यातल्या पुष्कळांची धडपड मांसासारखे दिसण्याची असते. पोपटीला कोणासारखे दिसायचे नसते. शेतावरचे वालाचे मडके मुळातच व्हीगन आहे, फक्त तसे कोणी म्हणत नाही. अलीकडे पर्यटकांसाठी लावलेल्या पोपटीत दह्यात मुरवलेले पनीर आणि शेंगांवर लोणी दिसते. त्या चवीला भांबुर्डी सोसत नाही, आणि मडकेही व्हीगन राहत नाही.

घाटावरचा हुरडा हा पोपटीचा ऋतुबंधू, पण त्यात मडके नाही. खरे नाते दक्षिण गुजरातेतल्या उबाडियूशी : तेही हिवाळ्यातले, मडक्यात पापडी आणि कंद भरून रानपाल्याने बंद करून भाजलेले. उंधियू हे नावही ‘उंधू’ म्हणजे उपडे या गुजराती शब्दावरूनच आले. घरोघरी ते आता तेल-मसाल्यात पातेल्यात होते.

जाळ खाल्लेल्या मडक्याला बहुधा तडा जातो. ते शेतातच राहते. उरलेल्या शेंगा सोलून दाणे दुसऱ्या दिवशी वांग्या-बटाट्याच्या रश्शात टाकतात, तेव्हा घरभर पुन्हा भांबुर्डीचा वास सुटतो.