जॉर्ज मायकल आणि उशिरा उमगलेली माणसं

चाळिशी-पन्नाशीत कुणी सांगितलं, की मी समलिंगी आहे, तर घरचे हमखास विचारतात, ‘मग इतकी वर्षं कळलं कसं नाही?’ अशा अनेकांना ब्रिटिश पॉपगायक जॉर्ज मायकल इतका आपला का वाटतो, हे त्याच्या आयुष्यातल्या तारखा पाहिल्या की लक्षात येतं.

जन्म १९६३, लंडन. वडील सायप्रसहून आलेले ग्रीक. एकोणिसाव्या वर्षीच त्याने जवळच्या एक-दोघांना सांगितलं होतं, की आपल्याला मुलगेही आवडतात. मग ‘व्हॅम!’ या त्याच्या पॉप जोडीची प्रसिद्धी आली, पाठोपाठ एड्सची धास्ती. आईच्या जिवाला रोजचा घोर लागेल म्हणून तो घरी गप्प राहिला. १९८८मध्ये ब्रिटनमध्ये कलम २८ लागू झालं: स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला मनाई. शिक्षक हा विषयच टाळू लागले. हे कलम स्कॉटलंडमध्ये २०००मध्ये, इंग्लंड-वेल्समध्ये २००३मध्ये गेलं. तेव्हा शाळेत असलेल्यांपैकी बरेच जण आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांना कळणार तरी कुठून?

१९९१मध्ये ब्राझीलमधल्या रिओत त्याला अन्सेल्मो फेलेप्पा भेटला. पुरुषाच्या प्रेमात पडलो आणि मनातला गोंधळ संपला, असं जॉर्ज पुढे सांगायचा. काही महिन्यांतच अन्सेल्मोला एचआयव्ही असल्याचं कळलं. २० एप्रिल १९९२ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘क्वीन’ बँडच्या फ्रेडी मर्क्युरीला, म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारुख बलसाराला, आदरांजली वाहणारा कार्यक्रम झाला. जॉर्ज ‘समबडी टू लव्ह’ गायला. फ्रेडीचा मान राखायचा आणि अन्सेल्मोसाठी प्रार्थना करायची, हे दोन्ही मनात होतं, असं त्याने नंतर सांगितलं. ऐकणाऱ्या हजारोंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. १९९३च्या मार्चमध्ये अन्सेल्मो गेला, तेव्हा कुठे आपण समलिंगी असल्याचं सांगणारं त्याचं पत्र आईवडिलांना गेलं. १९९६चा ‘ओल्डर’ हा अल्बम त्याने ज्या दोघांना अर्पण केला, त्यांत एक अन्सेल्मो होता.

जगाला कळलं ते मात्र फार वाईट रीतीने. एप्रिल १९९८मध्ये बेव्हर्ली हिल्समधल्या एका बागेच्या स्वच्छतागृहात साध्या वेशातल्या पोलिसाने त्याला अश्लील वर्तनाच्या आरोपाखाली पकडलं. काही दिवसांतच, चौतिसाव्या वर्षी, तो सीएनएनवर आपण समलिंगी असल्याचं बोलला. त्याच वर्षी ‘आउटसाइड’ या गाण्याच्या व्हिडिओत त्याने स्वच्छतागृहाचाच डिस्को केला आणि स्वतः पोलिसाच्या गणवेशात नाचला. लादलेली लाज त्याने अशी झटकून टाकली, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

उशिरा उमगलेल्यांना आणखी एक भीती छळते: आधीचं सगळं खोटंच होतं का? २५ डिसेंबर २०१६ला जॉर्ज गेला, पण त्याआधी, २००६ ते २००८च्या मोठ्या दौऱ्यात, तो ‘व्हॅम!’च्या काळातली प्रेमगीतंही मनापासून गात होता.