बिनबियांची द्राक्षे आणि जनुकबदल

बिनबियांची द्राक्षे प्रयोगशाळेत जनुके बदलून तयार करतात, असा संदेश अनेक वर्षे फिरत आहे. वस्तुतः डीएनए कापून जोडण्याचे तंत्र १९७०च्या दशकात विकसित झाले, तर थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात एकोणिसाव्या शतकातही पिकवली जात होती; तिचा हा गुण निसर्गतः झालेल्या जनुकीय बदलातून आला आहे. फलधारणेनंतर बीजाची वाढ लवकरच खुंटते, म्हणून मणी उभा चिरून पाहिल्यास मऊ, अविकसित बियांचे अवशेष अनेकदा दिसतात. मग बीजाविना नवी वेल येते कशी, ही शंका अगदी रास्त आहे. त्यासाठी बी लागत नाही: नाशिकचे बागायतदार डॉगरिजसारख्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या दुसऱ्या द्राक्षवेलीच्या बुंध्यावर, हव्या त्या जातीच्या काडीचे कलम करतात आणि ते रोपवाटिकेत प्रत्यक्ष पाहता येते. मणी फुगवण्यासाठी वापरले जाणारे जिबरेलिक आम्ल हे वनस्पतींतही आढळणारे संप्रेरक असून, त्याच्या वापराला जनुकबदल म्हणत नाहीत.